डाव्या हाताने दिलेलं प्रमाणपत्र

पाक हंदोयोंनी लारासच्या पुढ्यात प्रमाणपत्र धरलं ते डाव्या हाताने.

मी तिसऱ्या रांगेत बसले होते. आधी वाटलं, मलाच नीट दिसत नाहीये. चष्मा सारखा केला. डावाच हात होता. उजवा खाली लोंबत होता आणि तोंडावर एका बाजूने हसू होतं.

आमच्या जावातल्या सोलो शहरात शेजारणीला वाटीभर साखर द्यायची झाली तरी उजवा हात पुढे करतात. तो गुंतलेला असला तर आधी "माफ करा हं, डावा हात आहे" असं म्हणतात आणि मग देतात. लहान पोराने डाव्या हाताने काही पुढे केलं की आई तिथल्या तिथे चापट मारते. आणि हे तर पाक हंदोयो! मेंदूचे एवढे मोठे डॉक्टर, पण झाडू मारणाऱ्या बाईलाही "आपण जरा बाजूला होता का?" असं अदबीने विचारणारे. नावापुढे पदव्यांची माळ असूनही आम्ही त्यांना नुसतं पाक म्हणायचो, घरातल्या वडीलधाऱ्याला म्हणावं तसं. त्या माणसाने भर समारंभात, सगळ्यांसमोर, एका मुलीला डाव्या हाताने प्रमाणपत्र द्यावं?

ही लारास, पूर्ण नाव लारासती, माझ्या हाताखालची नर्स. आम्ही दोघी इस्पितळाच्या पक्षाघात विभागात. पोरीचा हात हलका, जीभ तिखट आणि रोग्यांवर माया नको तेवढी. पक्षाघाताचा रोगी आला की त्याला कसं तपासायचं, याचं प्रशिक्षण पाक हंदोयो दर वर्षी घेत. चेहरा, हात, पाय, बोलणं, नजर, एकेक तपासायचं आणि गुण द्यायचे. आमच्या गुणांचं गणित उलटं आहे. शून्य म्हणजे माणूस धडधाकट, आणि गुण जितके जास्त तितका तो वाईट. शेवटी रोग्यांच्या चित्रफिती दाखवून परीक्षा घ्यायची. त्यात पास होऊन प्रमाणपत्र मिळालं तरच विभागात राहता येतं.

लारास दोनदा नापास झाली होती आणि दोन्ही वेळा कारण एकच. चित्रफितीतल्या म्हातारीचा हात खाली पडला की ही म्हणणार, "दमली असेल बिचारी." बाई बोलली नाही की म्हणणार, "लाजली." आणि शून्य लिहून मोकळी.

"म्बाक लारास," पाक शांतपणे, ताई म्हणावं तशा अदबीने विचारायचे, "तुम्हाला कारण कोणी विचारलंय? हात वर राहिला की पडला?"

"पण पाक, त्या बाईंकडे बघितलंत ना, त्या किती..."

"पडला की नाही?"

"पडला."

"मग गुण लिहा. माया नंतर करा."

या खेपेला तिची तिसरी आणि शेवटची संधी होती. नापास झाली असती तर तिची रवानगी केसपेपर काढायच्या खिडकीवर होणार होती, तसं तिला स्पष्ट सांगितलं होतं. पोरीने जिवाचं रान केलं. घरी नवऱ्याला आडवं पाडून त्याचे हातपाय उचलून बघायची. शेवटी तो म्हणे, "अगं, मला खरंच काही झालं तर तुला पटणार नाही!" एवढं करून ती पास झाली, तीही सगळ्यांत वरच्या क्रमांकाने. त्या दिवशी इस्त्रीचं बाटिक घालून, केस चापूनचोपून बांधून आली होती. पाक आज माझ्याबद्दल दोन शब्द बोलतील, असं सकाळपासून चारदा म्हणाली होती.

आणि वर गेल्यावर हे. तिच्या आधीच्या सगळ्यांना, अगदी तिच्या लगेच आधीच्या मुलीलाही, पाकांनी उजव्या हाताने दिलं होतं, डाव्याचा आधार देऊन, थोडं वाकून, रीतीप्रमाणे. हिच्याच वेळी डावा.

लारासने प्रमाणपत्र घेतलं नाही. ती हसली. आमच्याकडच्या बायका फार संतापल्या की अशाच हसतात. मग अगदी गोड आवाजात म्हणाली, "पाक, माझ्यापुरता उजवा हात जड झाला का?"

माइक समोरच होता. शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं. मागे कोणीतरी खुदकन हसलं आणि लगेच दाबलं. पाकांनी तोंड उघडलं, मिटलं. "हं," म्हणाले. परत म्हणाले, "हं." ते एका बाजूचं हसू तसंच होतं. लारास वळली आणि मान ताठ ठेवून खाली उतरली.

आमच्या मुख्य परिचारिका एर्ना, वयाने मोठ्या म्हणून आमच्या बू एर्ना, धावत वर गेल्या. "पाक सकाळपासून उभे आहेत, दमलेत," असं माइकवर म्हणत त्यांनी पाकांना खुर्चीत बसवलं आणि उरलेली प्रमाणपत्रं स्वतःच वाटली. टाळ्या वाजल्या, पण कशाबशा. नंतर संचालकांचं भाषण झालं. ते लांबलं, नेहमीसारखंच. मग सगळ्यांचा एकत्र फोटो. पाक उठले नाहीत, म्हणून आम्हीच त्यांच्या खुर्चीभोवती उभे राहिलो. मग खाण्याचे खोके आले. एका खोक्यात केळीच्या पानात गुंडाळलेला चिकट भाताचा लेम्पर, एक तळलेला रोल आणि गोड चहा.

तोंडं चालू झाली तशा जिभाही सुटल्या.

"बघितलंस? साधं बोललेही नाहीत तिच्याशी."

"दोनदा नापास केलं होतं ना, आता ही पहिली आली. झोंबणारच."

"आणि ते हसणं! कसं कुत्सित हसले, मी तर समोरच होते."

"मोठी माणसं म्हातारपणी अशीच होतात गं. माझ्या सासऱ्यांचंही असंच झालं."

मीही त्यात होते, उगीच सोवळेपणा कशाला सांगू? मी म्हटलं, "माणूस कितीही शिकला तरी मनातलं कधी ना कधी बाहेर येतंच."

लारास मागच्या खांबाशी उभी राहून रडत होती. नाक लाल झालं होतं. मी तिच्या हातात चहा दिला आणि सरळ सांगितलं, "हे बघ, त्यांनी केलं ते वाईटच केलं. पण तूही वडीलमाणसाला माइकवर बोललीस. उद्यापासून त्याच विभागात तुला राहायचंय. जा, हातावर कपाळ टेक, माफी माग आणि विषय संपव."

"मी का माफी मागू, बू कुस? मी काय केलं?"

"मागायची म्हणून माग. जा."

ती गेली. तोंड फुगवूनच गेली. पाक अजून त्याच खुर्चीत, एकटेच. खोका मांडीवर तसाच, न उघडलेला. आमच्याकडे लहानाने मोठ्याच्या हातावर कपाळ टेकायचं ते उजव्याच हातावर. मोठा माणूस आपण होऊन हात पुढे करतो. पाकांनी केला नाही. लारास वाकून उभी राहिली, वाट बघितली. मला इथूनही कळलं की ही आता पुन्हा भडकणार. पण नाही. तिने स्वतःच त्यांचा उजवा हात मांडीवरून उचलला, कपाळाला लावला आणि सोडला.

हात पडला.

नुसता खाली आला नाही, पडला. खोक्यावर आपटला, खोका जमिनीवर, लेम्पर घरंगळत बाहेर. पाकांनी हाताकडे पाहिलंसुद्धा नाही. लारासकडे पाहत होते आणि "हं, हं" म्हणत होते. ओठाच्या उजव्या कोपऱ्यातून लाळेची बारीक धार सदऱ्यावर आली होती.

लारास जी किंचाळली, तशी किंकाळी मी इतक्या वर्षांच्या नोकरीत रोग्याच्या नातेवाइकांचीही ऐकली नाही.

चेहरा वाकडा, हात लुळा, बोलणं बंद. हे आम्ही शाळेतल्या पोरांनाही शिकवतो! गल्लोगल्ली भिंतीवर चिकटवतो! आणि ते सभागृह पक्षाघात ओळखण्याचं प्रमाणपत्र मिळालेल्या माणसांनी खच्चून भरलेलं होतं. चेहरा वाकडा झाला तो आम्हाला कुत्सित दिसला. बोलणं गेलं तो आम्हाला तोरा वाटला. हात गेला, तर आम्ही त्या माणसाची रीतभात काढली. ज्याने शिकवलं त्याच्याभोवती उभं राहून आम्ही दात दाखवत फोटो काढला. आजही तो फोटो आठवला की माझं डोकं सणकतं.

पण तेव्हा विचार करायला वेळ नव्हता. खुर्चीसकट उचललं त्यांना. तातडीचा विभाग दोन मजले खाली. जिन्यात बू एर्नांची एक चप्पल राहिली ती राहिलीच. खाली डॉक्टर गालिह कामावर होता. तरुण पोरगा, कामावर जायचं म्हणून सकाळी पहिलं प्रमाणपत्र त्यालाच मिळालं होतं आणि घेऊन तो लगेच खाली आला होता.

"पाक? आपले पाक?" त्याचा चेहरा पांढराफटक पडला. पण डोकं जागेवर होतं. "शेवटचे ठीक कधी होते? नक्की सांगा. वेळ कळल्याशिवाय औषध देता येणार नाही."

बहुतेकदा या प्रश्नाला नातेवाईक एकमेकांची तोंडं बघतात. इथे सगळे एकदम बोलले. कोणाच्या वेळी उजवा होता आणि कोणाच्या वेळी डावा झाला, हे कोणीच विसरणार नव्हतं. लारास तेवढी माझ्या मागे सरकली.

वेळ अजून हाताशी होता, पण बराच आम्ही भाषणात आणि खाण्यात घालवला होता. मेंदूचा फोटो काढला. रक्तस्राव नव्हता, गुठळी होती. ती विरघळवण्याचं औषध पंपाने सुरू केलं. ते तासभर थेंब थेंब जातं आणि त्या तासात जीव टांगणीला लागतो, कारण या औषधाने कधी कधी मेंदूत रक्त फुटतं. म्हणून दर पाव तासाला रोग्याला पुन्हा तपासायचं. गुण वाढले, म्हणजे माणूस बिघडला, की पंप त्या क्षणी बंद आणि पुन्हा फोटो.

पहिली तपासणी गालिहनेच केली. पाकांचा उजवा हात जागचा हलला नाही. डावा मात्र सांगितल्यावर टुणकन वर गेला, छान स्थिर राहिला. सांगितलेलं त्यांना सगळं कळत होतं, बोलता तेवढं येत नव्हतं. तेवढ्यात त्यांची बायको, बू प्राप्ती, घरच्या कपड्यांवरच धावत आल्या. पाकांनी डाव्या हाताने त्यांचं मनगट धरलं ते सोडेनात.

शेजारच्या खोलीत अपघाताचा रोगी आला. गालिह म्हणाला, "मी पलीकडेच आहे. पुढची तपासणी कोण करतंय?"

माझ्याकडे पंप होता. लारास म्हणाली, "मी करते."

"तुला जमेल?"

"मीच करते, डोक." डॉक्टरला आम्ही डोकच म्हणतो.

ती पलंगाच्या पुढे आली. इतका वेळ ती माझ्या मागे होती. पाकांनी तिला आत्ता पाहिलं. पाहिलं आणि बायकोचं मनगट सोडून दिलं. डावा हात अंगालगत घेतला आणि डोळे छताकडे लावले.

"पाक, उजवा हात वर करा." हात हलला नाही. ते ठाऊकच होतं.

"आता..." लारासचा आवाज चिरकला. "आता डावा हात वर करा, पाक."

डावा हात हलला नाही.

मला वाटलं, ऐकू गेलं नसेल. तिने पुन्हा सांगितलं, मोठ्याने. हात हलला नाही. मग रीतीप्रमाणे तिने स्वतः तो हात उचलून वर धरला आणि सोडला. बदकन गादीवर पडला.

पाव तासापूर्वी जो हात सरळ उभा राहिला होता, तो हात! बू प्राप्तींना यातलं काही कळत नव्हतं, पण आमची तोंडं बघून त्यांनी पलंगाची दांडी घट्ट धरली.

"डोक!" मी ओरडले. "डावा हात गेला!"

गालिह धावत आला. "किती गुण?"

लारासने गुण सांगितले. खरे सांगितले, एकही कमी केला नाही.

"रक्त फुटलं असणार. बू कुस, पंप बंद! स्ट्रेचरची गाडी आणा, फोटोला न्यायचंय."

मी बटण दाबलं. थेंब थांबला. हे बरोबरच होतं, दुसरं काही करणं गुन्हाच ठरला असता. पण औषध अर्धंही गेलं नव्हतं, आणि ते पुरतं गेलं नाही तर या माणसाचा हात आणि जीभ परत येण्याची आशा तिथेच संपत होती. हे मला ठाऊक होतं, गालिहला ठाऊक होतं, आणि मला वाटतं, पलंगावरच्या माणसालाही ठाऊक होतं. सगळ्या इस्पितळात त्यांच्याइतकं ते कोणालाच ठाऊक नव्हतं. तरी हात हलेना.

"डोक, थांबा," लारास म्हणाली. "हात गेलेला नाही. ते लाजताहेत. माझ्यामुळे."

माझं टाळकंच फिरलं. पुन्हा कारण! दोनदा नापास झाली, तिसऱ्यांदा पहिली आली, आणि ऐन वेळी पुन्हा तेच! "लारास!" मी खेकसले. "हात पडला की नाही? डोळ्यांनी बघितलंस ना?"

"पडला, बू कुस. मी गुण लिहिलेत. पुसायला सांगतच नाहीये." ती गालिहकडे वळली. "डोक, गाडी येईपर्यंतच. बोलता न येणाऱ्याला खुणेने दाखवायचं असतं ना? मी अजून खूण केलेली नाही. तेवढी करू द्या."

गालिहने दाराकडे पाहिलं. गाडी अजून आली नव्हती. "कर. लवकर."

ती पलंगाला वळसा घालून पाकांच्या डाव्या बाजूला गेली आणि गुडघ्यांवर बसली, अशी की तिचं तोंड त्यांच्या तोंडाच्याही खाली आलं. मग तिने आपला डावा हात वर केला आणि पाकांच्या तोंडासमोर धरला. वडीलमाणसासमोर, त्यांच्या बायकोसमोर, डावा हात. बू प्राप्तींनी श्वासच रोखला.

"पाक," ती म्हणाली, "मी सगळ्यांसमोर बोलले. तुम्ही ते ऐकलंत. तुमचा हात आजारी होता आणि मी तुमची अब्रू काढली. मी मूर्ख आहे. माझ्यावर रागवा, पाहिजे ते करा. पण हात द्या. हाच द्या, पाक. मला हाच पाहिजे."

पाकांचे डोळे छतावरून खाली आले. ते तिच्या हाताकडे बघत राहिले. मग त्यांच्या डोळ्यांतून पाणी सुटलं, दोन्ही डोळ्यांतून सारखंच, आणि ते कानांकडे ओघळलं. बाहेर गाडीची चाकं वाजायला लागली. गालिह म्हणाला, "म्बाक, बास आता."

चादर हलली. डावा हात उचलला गेला. सावकाश, लाजत लाजत, पण गेला वर. कोपर सरळ, तळवा खाली, आम्हाला त्यांनीच शिकवलं होतं तसाच. लारासने त्या हाताखाली मान घातली, पण हाताला ती शिवली नाही. शिवली असती तर आधार झाला असता आणि तपासणी बाद. तशीच मान खाली घालून, हुंदके देत, ती मोठ्याने मोजायला लागली.

"एक. दोन. तीन."

गाडीवाले दारात येऊन उभे राहिले. गालिहने त्यांना हात करून थांबवलं. हात हलत नव्हता, झुकत नव्हता.

"आठ. नऊ. दहा." तिने नाक ओढलं. "शून्य, डोक. डावा हात शून्य."

"शून्य?" बू प्राप्ती किंचाळल्या. "म्हणजे काहीच राहिलं नाही का हो?"

"शून्य म्हणजे उत्तम, बू!" मी ओरडूनच सांगितलं. "शून्य म्हणजे हात शाबूत आहे!"

गालिहने बाकीचं सगळं भराभर स्वतः तपासून घेतलं. काही वाढलं नव्हतं. "चालू करा," तो म्हणाला, आणि मी बटण दाबलं. डोळ्यांत पाणी आल्यामुळे ते मला नीट दिसतही नव्हतं.

"पुरे, पाक," लारास खालूनच म्हणाली. "झाले दहा. आता हात खाली घ्या."

पाकांनी हात खाली घेतला, पण गादीवर नाही. तिच्या केसांवर ठेवला आणि पुढची तपासणी येईपर्यंत उचलला नाही.